धुऱ्यावरचं विचारणं

“घ्या, दाढीवाला दोन मार्कांवर आला बे!”

स्टाफरूममध्ये कूलरजवळ बसलेले दोन प्राध्यापक नवीन अभ्यासक्रमाची प्रत चाळत होते. त्यांतला एक हे म्हणाला आणि दुसरा हसला. “दोन तं दोन. पोट्ट्यायले तेवढे तरी कुठं भेटतात?”

मी कोपऱ्यात उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याला सुतळी बांधत होते. बांधलेली गाठ सोडली आणि पुन्हा बांधली. मार्क्सवादी अर्थविचाराला आमच्या विषयात पूर्वी एक अख्खं प्रकरण होतं. आता ‘टिपा लिहा’मधली एक टीप उरली होती. नांदुऱ्याच्या याच कॉलेजात माझे पप्पा सव्वीस वर्षं ते प्रकरण शिकवत होते. हसणारे दोघंही त्यांचेच विद्यार्थी. मी खोलीत आहे हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. तासिका तत्त्वावरच्या बाईकडे फारसं कुणाचं लक्ष नसतं, आणि मला ते सोयीचं पडतं.

मला राग यायला हवा होता. आला नाही. पोळ्यानंतर पप्पा गेले तेव्हापासून हे असं आहे. दाढेजवळ इंजेक्शन दिल्यावर आपण गालाला हात लावून बघतो. बोटांना गाल कळतो, गालाला बोटं कळत नाहीत. तशी मी रोज कॉलेजात येते, पर्यवेक्षण करते, सह्या करते, घरी जाते.

मार्च सुरू आहे. परीक्षेच्या हॉलमध्ये पंख्यांचा कुरकुर आवाज, पुरवण्यांना टोचायचा पांढरा दोरा, बाकावर ठेवलेल्या पाण्याच्या बाटल्यांत हलणारं ऊन. खिडकीबाहेरून मालगाडी जाते तेव्हा पोरं मान वर करतात, जणू ती गाडी उत्तर घेऊन चालली आहे. या दिवसांत गावाबाहेरून एक आंबट, खारट वास येतो. सोंगलेल्या, म्हणजे कापणी झालेल्या, हरभऱ्याचा. हरभऱ्याच्या पानांवर आंब असते. ती बोटांच्या चिरांत गेली की झोंबते. सोंगणाऱ्या बायकांची बोटं पार होळीपर्यंत काळी असतात. पुण्याला शिकत होते तेव्हा मार्चमध्ये हा वास नसायचा आणि परीक्षा खोटी वाटायची.

आमचं तीन एकर शेत रेल्वे रुळांच्या पलीकडे आहे. पप्पांनी ते पगारातून घेतलं. आमच्या घराण्यात त्याआधी कुणाच्या नावावर जमीन नव्हती. पप्पांची आई लोकांच्या शेतात सरवा वेचायची. पीक घरी गेल्यावर जमिनीवर जे सांडलेलं, गळलेलं राहतं, तो सरवा. हरभऱ्याचा सरवा म्हणजे गळून पडलेले घाटे, दाण्यांनी भरलेली बोंडं. तो वेचायला मजुरी करणाऱ्या बायका येतात आणि वेचलेलं घरी नेतात. त्यावर मालक हक्क सांगत नाही. फक्त आधी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभं राहून विचारायचं असतं: येऊ काय? मालकाच्या घरातल्या कुणीतरी ‘या’ म्हणायचं. मग आत पाय ठेवायचा.

ही आजी मी पाहिली नाही. पण पप्पा एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचे. ते सात-आठ वर्षांचे असताना आईसोबत एका धुऱ्यावर सकाळभर उभे होते, कारण मालक जेवत होता.

पप्पांचा रविवारी दुपारी तीन वाजता घराच्या पडवीत अभ्यासवर्ग असायचा. माझ्या लहानपणी तिथं मालधक्क्यावरचे हमाल यायचे, तेल मिलमधले चार-दोन कामगार, विहारात सोबत असलेले पप्पांचे मित्र, आणि पारबतामावशी. मावशी पहिल्यांदा आमच्याकडे गहू निवडायला आल्या होत्या. निवडता निवडता ऐकत राहिल्या, आणि पुढच्या रविवारी गहू नसतानाही आल्या.

मी आतल्या खोलीत दाराआड बसून होमवर्क करायचे. आमच्याकडे इंग्रजी माध्यमाच्या कुठल्याही शाळेला कॉन्व्हेंट म्हणतात. मी कॉन्व्हेंटची. पिवळी व्हॅन मला न्यायला यायची तेव्हा सुधाकरकाका नावाचे हमाल पप्पांना हमखास टोचायचे. “वा सर! आमाले क्रांती अन् पोरीले कॉन्व्हेंट!” पप्पा हसायचे. मी व्हॅनमध्ये मागच्या सीटवर जाऊन बसायचे.

दाराआडून मी जे ऐकलं ते मला पुढे पुस्तकांत सापडलं, पण त्या चवीचं नाही. पप्पा फळ्यावर ‘वरकड मूल्य’ लिहायचे आणि समजवायचे. सकाळपासून दुपारपर्यंत तुम्ही उचललं त्यातून तुमच्या भाकरीची सोय झाली. मग दुपारपासून संध्याकाळपर्यंत उचललं ते कुणाचं? ते कुठं गेलं?

“मुकादमाच्या पोटात,” सुधाकरकाका म्हणायचे. “दिसून राह्यलं ना!”

सगळे हसायचे. पण हेच काका एकदा उठून उभे राहिले. “सर, वर्ग समजला. पण तुमचा दाढीवाला कधी आमच्या गावच्या विहिरीवर पाणी भराले गेला नव्हता. तिथं कोणी इचारत नाही तू कामगार हाय का मालक. तिथं दुसरंच इचारतात.”

पप्पा खडू घेऊन फळ्याकडे वळले. फळ्याच्या उजव्या बाजूला त्यांनी एक रेघ मारून ठेवलेली असायची. तिच्या पलीकडे उत्तर न सापडलेले प्रश्न लिहायचे. त्यांनी तिथं लिहिलं: ‘विहीर’. तो शब्द कित्येक वर्षं पुसला गेला नाही. विहारातले मित्र म्हणायचे, सोडा ते परदेशी पुस्तक. शहरातून कधीमधी येणारे लाल बावट्याचे कार्यकर्ते म्हणायचे, सर, तुम्ही मूळ विचार पातळ करता. पप्पा दोघांनाही चहा द्यायचे.

नंतर तेल मिल बंद पडली. मालधक्क्यावरची वर्दळ कमी झाली. सुधाकरकाका अकोल्याला एका इमारतीवर वॉचमन झाले. पडवीतली सतरंजी अर्धीच पसरावी लागायची. एखाद्या रविवारी फक्त पप्पा आणि मावशी असायच्या, आणि दाराआड मी.

ज्या मार्चबद्दल मला सांगायचं आहे तो माझ्या दहावीचा. वर्गाला जेमतेम सात-आठ माणसं उरली होती, त्यांतल्या पाच बाया. पप्पांनी त्या रविवारी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: ‘सरवा हा हक्क आहे’. मग वळून म्हणाले, “माझ्या आईनं आयुष्यभर दुसऱ्याच्या धुऱ्यावर उभं राहून विचारलं. माझ्या शेतात कुणी विचारायचं नाही. सोंगणी झाली की सरळ यायचं, वेचायचं, घरी जायचं. मी तिकडं फिरकणारसुद्धा नाही. कुणी बघतंय असं वाटायला नको.”

बाया एकमेकींकडे बघत राहिल्या. मावशी एवढंच म्हणाल्या, “बरं सर.”

सोंगणी झाली. पप्पा खरोखर शेताकडे गेले नाहीत. त्या आठवड्यात ते खूश होते. सकाळी दाढी करताना गुणगुणायचे. माझा बीजगणिताचा पेपर झाला, भूमितीचा झाला. सोंगणीनंतर पाचव्या दिवशी पेपर नव्हता, तर पप्पा म्हणाले, “चल, डोक्याला हवा लागेल.” मी भूगोलाचं पुस्तक घेऊन स्कूटरवर मागे बसले.

शेतात कुणी आलेलं नव्हतं. घाटे जसे पडले तसेच होते. उन्हानं पुष्कळसे फुटले होते, दाणे मातीत उडाले होते. होले पक्षी शांतपणे टिपत फिरत होते. दोन शेळ्या अगदी मधोमध उभ्या होत्या. आणि शेजारच्या शेतात, तोंडाचा फटकळ म्हणून प्रसिद्ध असलेल्या एका मालकाच्या शेतात, आमच्या वर्गातल्या पाचही बाया वाकून वेचत होत्या.

पप्पा धुऱ्यापर्यंत चालत गेले. मी त्यांच्या मागे, खुंट टोचू नयेत म्हणून पाय उचलून टाकत.

“पारबताबाई, माझ्याकडे का नाही आल्या?”

मावशी वाकलेल्याच होत्या. “कोणी या म्हणलंच नाही.”

“मी सांगितलं होतं ना, विचारायचं नाही म्हणून?”

“हाव. म्हणून तं नाही आलो.”

पप्पांना कळलं नाही. मलाही नाही. मग मावशी सरळ झाल्या. एक हात कमरेवर, दुसऱ्यानं ओटा, म्हणजे पदराची झोळी, धरलेला. “सर, न इचारता गेलं तं चोरी होते. इचारून गेलं तं सरवा. चार बायांसमोर मालक या म्हणते ना, मग त्याले मागं नाही घेता येत. राखणदार आला, कोणी बी आलं, तं आमी सांगतो, इचारलं हाय. तुमी आमचं इचारणंच काढून घेतलं.”

पलीकडून एक तरुण बाई हसून म्हणाली, “अन् कोणी धरलं असतं तं काय करावं, सर? फळा दाखवावा काय त्याले?”

सगळ्या हसल्या. पप्पाही हसले, पण त्यांचे कान लाल झाले होते. मला तेव्हा त्यांची लाज वाटली. मालक असून मजूर बायांसमोर उभं राहून बोलणी खातात, म्हणून नव्हे. एवढी पुस्तकं वाचून एवढी साधी गोष्ट माहीत नाही, म्हणून. पंधरा वर्षांची मुलगी किती सहज निवाडा करते.

परतताना रेल्वे फाटक बंद होतं. मालगाडी संपता संपत नव्हती. पप्पांनी स्कूटर बंद केली आणि पुढे बघत म्हणाले, “मी माझ्या आईचा अपमान मोजला. तिनं त्या विचारण्यातून काय कमावलं होतं ते नाही पाहिलं.” मी भूगोलाच्या पुस्तकात मृदेचे प्रकार वाचत होते. त्या रविवारी फळ्याच्या उजव्या बाजूला त्यांनी ‘विहीर’च्या खाली दुसरा शब्द लिहिला: ‘विचारणं’.

पुढच्या वर्षी सोंगणीनंतर ते स्वतः धुऱ्यावर जाऊन उभे राहिले, कुणीतरी येऊन विचारावं म्हणून. बाया आल्या, हसू दाबत ओळीनं उभ्या राहिल्या. मावशींनी अगदी रीतीनं विचारलं, “येऊ काय, सर?” पप्पा माझ्याकडे वळले. “तू सांग. शेत तुझंही आहे.” मी त्यांच्या पाठीमागे सरकले. मान हलवली. पप्पा म्हणाले, “मान नाही चालत. याला आवाज लागतो. मनातल्या मनात म्हटलेलं धुऱ्याच्या पलीकडे जात नाही.” मला नाही जमलं. शेवटी तेच म्हणाले. त्यानंतर मी गावात असलेल्या प्रत्येक मार्चमध्ये त्यांनी एकदा माझ्याकडे वळून बघितलं आणि मी प्रत्येक वेळी मान हलवली.

पुण्याला विद्यापीठात हाच विचार मला इंग्रजीत भेटला. तिथं तो फार रुबाबदार होता. त्या दाढीचं चित्र असलेले टी-शर्ट घालून मुलंमुली कँटीनमध्ये वाद घालायची, आणि टेबल पुसणाऱ्या काकांना कप उचलायला जागा करून द्यायचं त्यांच्या ध्यानात यायचं नाही. मी वाद घातला नाही. तोंड उघडलं तर ‘का’च्या जागी ‘काऊन’ बाहेर पडेल ही भीती असायची. एकदा चर्चासत्रात कुणीतरी सांगितलं की हा दाढीवाला माणूस तरुणपणी वर्तमानपत्रात काम करायचा. त्याच्या प्रांतात जंगलात पडलेल्या वाळल्या काटक्या गोळा करणं चोरी ठरवायचा घाट घातला जात होता, आणि त्यानं त्याविरुद्ध लिहिलं. गरीब लोक पिढ्यान्‌पिढ्या त्या काटक्या वेचत आले होते. काल रिवाज होता तो आज गुन्हा. माझ्या घशात एक वाक्य येऊन बसलं: आमच्याकडे याला सरवा म्हणतात. पुढचं सगळंही तयार होतं: पप्पा, फळा, शेळ्या, मावशी. अध्यक्षांनी विचारलं, कुणाला काही सांगायचंय? मी वहीत तारीख लिहिली.

त्या संध्याकाळी फोनवर पप्पांना काटक्यांची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, “म्हणजे त्याला माहीत होतं. मीच ते पान नीट वाचलं नाही.” त्यांच्या आवाजात आनंद होता. जुना मित्र निर्दोष सुटल्यासारखा.

आता त्या मित्राचं आमच्याकडे काय राहिलंय? पप्पांची पुस्तकं तीन पोत्यांत आहेत. ग्रंथालयानं जागा नाही म्हणून सांगितलं. नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याचं नाव शिवीसारखं येतं, खाली हसणारे चेहरे. विद्यार्थ्यांना त्याच्या जन्माचं वर्ष माहीत असतं, कारण ते स्पर्धा परीक्षेत विचारतात. आणि मागच्या महिन्यात कापसाच्या जिनिंग मिलच्या फाटकापाशी मी एका बाईला मुकादमावर ओरडताना ऐकलं: “सुट्टी झाली तरी थांबवून ठेवतं, हे वरकड कोणाच्या घरी नेतं रे?” मुकादम हसला आणि फाटक उघडलं. बाई पप्पांच्या वर्गाला कधी आलेली नव्हती. वयानं माझ्याएवढी असेल. तो शब्द कुठून कुठे, कुणाच्या ओट्यातून तिच्यापर्यंत गेला होता, देव जाणे. दोन मार्कांची टीप लिहिताना हे कुठे लिहायचं, ते मला कळत नाही.

त्या दिवशी गठ्ठा जमा करून मी बाहेर पडले तेव्हा अडीच वाजले होते. गजाननभाऊंचा फोन आला. पप्पा आजारी पडल्यापासून आमचं शेत ते मक्त्यानं करतात. पीक त्यांचं, जमीन आमचीच. भला माणूस आहे. “ताई, सकाळीच हार्वेस्टरनं हरभरा काढून घेतला. ट्रॅक्टर आजच भेटून राह्यला, रोटाव्हेटर मारून घेतो. उन्हाळी मूग टाकायचा हाय.” मी म्हटलं, “बरं.” मी नेहमीच बरं म्हणते.

घरी जायचं होतं. पण घरी पडवीत ती रिकामी खुर्ची आहे. स्कूटर रुळांच्या बाजूला वळली. फाटक आता नाही, भुयारी रस्ता झालाय. थांबावं लागत नाही. थांबून काही बोलायलाही जागा राहिलेली नाही.

शेताच्या एका कडेला ट्रॅक्टर उभा होता, इंजिन चालू. समोरच्या धुऱ्यावर पाच बाया उभ्या होत्या. हार्वेस्टर हातापेक्षा जास्त सांडतो. जमिनीवर घाटेच घाटे दिसत होते. एकीचाही पाय धुऱ्याच्या आत नव्हता. मध्ये पारबतामावशी, काठी टेकून. गुडघे गेलेत त्यांचे. यंदा त्या वेचू शकणार नव्हत्या हे उघड होतं, तरी आल्या होत्या.

गजाननभाऊ कडुनिंबाखालून लगबगीनं माझ्याकडे आले. “बरं झालं ताई, तुमीच आल्या. ट्रॅक्टरवाल्याले पुढं जायचं हाय, तो थांबत नाही. मी म्हणलं यंदा राहू द्या, तं ऐकून नाही राह्यल्या. म्हणतात, सरांच्या घरचं कोणी सांगू द्या. तुमी एक डाव नाही म्हणून टाका, म्हणजे जातील त्या. आता मालक तुमीच.”

मालक. तो शब्द पुस्तकात मी किती वेळा अधोरेखित केला होता. पेन्सिलनं, अगदी सरळ रेघेत. तो माझ्यासाठी आहे असं कधी वाटलं नव्हतं.

खरं तर मी काहीच केलं नसतं तरी चाललं असतं. मला ‘नाही’सुद्धा म्हणावं लागलं नसतं. मी जशी असते तशी गप्प उभी राहिले असते की ट्रॅक्टर आत आला असता, घाटे मातीखाली गेले असते, बाया परत फिरल्या असत्या. कुणी मला दोष दिला नसता. लाजाळू आहे बिचारी, बाप गेलाय, असंच म्हणाले असते. माझ्या गप्प राहण्यालाही एक फाळ असतो हे तिथं उभी असताना पहिल्यांदा दिसलं. इतकी वर्षं मी त्याला फक्त माझा स्वभाव समजत होते.

मागच्या मार्चला पप्पा ऑटोनं इथं आले होते. अर्धं तोंड वाकडं झालेलं, शब्द फुटत नव्हता. तरी ‘या’ म्हणाले. तो ‘या’सारखा ऐकू आला नव्हता, पण बायांना पुरला. त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं होतं का? आठवत नाही. मी बहुधा मोबाइलमध्ये बघत होते.

मावशींनी डोक्यावरचा पदर नीट केला. मला ओळखत असूनही, मला कडेवर घेतलेलं असूनही, त्यांनी रीतीनं विचारलं, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

“येऊ काय वं, माय?”

ट्रॅक्टरचं इंजिन धडधडत होतं. आंबट वास होता. मला आत काही दाटून वगैरे आलं नाही. गाल अजून बधिरच होता. पण बधिर तोंडानंही बोलता येतं, हे मी मागच्या वर्षी याच धुऱ्यावर पाहिलं होतं. फक्त आवाज पलीकडे पोचायला हवा होता. मी हातानंच ट्रॅक्टरवाल्याला इंजिन बंद करायची खूण केली. त्यानं गजाननभाऊंकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि बंद केलं.

एकदम खूप शांत झालं. होल्यांचा आवाज ऐकू यायला लागला.

“या, मावशी,” मी म्हणाले. “आणि तुमचं झालं की तुम्ही सांगा. मग ट्रॅक्टर आत येईल.”